माशी, मासा आणि आम्ही

पेन्शनीत निघालेला मनुष्य घरी बसून माश्या मारतो, असा लोकप्रवाद आहे. आमच्या बाबतीत तो खरा नाही. आम्ही माश्या बांधतो. पार्ल्याच्या आमच्या घराच्या पडवीत एका जुन्या टेबलास लहानसा लोखंडी चाप बसविलेला आहे. त्याच्या तोंडात गव्हाच्या दाण्याएवढा गळ धरावयाचा, त्यावर रेशमाचा धागा पिळून बसवावयाचा, कोंबड्याच्या मानेवरील निमुळते पीस त्या धाग्याभोवती फिरवावयाचे, मोराच्या गळलेल्या पिसातील एखाददुसरा तंतू पोटाच्या जागी गुंडाळावयाचा आणि शेवटी गाठ मारून मेणाचे बोट लावावयाचे, की माशी तयार झाली. हा उद्योग पडवीतच का, असे कोणी विचारील. कोंबड्याचे पीस माजघराच्या उंबरठ्याच्या आत यावयाचे नाही, असा आमच्या सौभाग्यवतींचा दंडक आहे, आणि तो आम्ही गेली वीस वर्षे निमूटपणे पाळीत आलो आहो.

ज्या घरात चार पिढ्यांत मासळी शिरली नाही, त्या घराच्या पडवीपर्यंत माशी येऊन पोहोचली, याचे आमच्या आप्तेष्टांस मोठे नवल वाटते. आमच्या हातून मासा मरत नाही. गळास लागलेला मासा आम्ही हलक्या हाताने सोडवितो आणि पुन्हा पाण्यात देतो. इंग्रजी नीतीप्रमाणे हा खेळ अगदी सभ्य समजला जातो. सौभाग्यवतींस मात्र ही सभ्यता कधीच उमगली नाही. "अहो, खायचा नाही तर धरता कशाला? आणि सोडायचाच तर टोचता कशाला?" हा त्यांचा प्रश्न आम्ही इतकी वर्षे विनोदावारी नेला. परंतु मागील आश्विनात मोखाड्याच्या एका ओढ्यावर तोच प्रश्न निराळ्या मुखातून ऐकण्याचा प्रसंग आला, आणि तेथे विनोद करून निसटण्याची सोय नव्हती. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तो पाण्यात सोडावयाचा आणि काठावर बसून राहावयाचे, ही रीत आपल्याकडे नदीकाठच्या प्रत्येक गावी आहे. माशीच्या खेळात आमिष खोटे असते. पिसांच्या त्या माशीस वजन असे नसतेच, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकावयाची असते ती दोरी. लवचीक काठी मागे नेली की जाड दोरी पाठीमागे हवेत लांब पसरते. ती पुरती पसरली की काठी पुढे आणावयाची, म्हणजे दोरीचा एक फासा हवेत उलगडत पुढे जातो. तिच्या टोकास केसासारखे बारीक तंगूस असते आणि त्याच्या शेवटास माशी. सारे जुळून आले तर ती पाण्यावर अशी टेकते, की झाडावरून एखादा कीटक पडला असे वाटावे. मासा वर येतो, तोंड मारतो आणि निमिषार्धात आपण फसलो हे जाणून ती थुंकून टाकतो. त्या निमिषार्धात मनगट उचलले गेले पाहिजे. सारी विद्या एवढीच. पण ती अंगी येण्यास आम्हांस तीन वर्षे लागली, आणि त्या अवधीत आम्ही मासे कमी व झाडाच्या फांद्या अधिक पकडल्या.

ही विद्या पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे गळास बांधून मासे धरीत, असे लिहून ठेविले आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालचा. पण गळाचा खेळ हा काही केवळ साहेबाचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे, काठी व दोरी यांचा तपशील दिलेला आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, हा ओवीविषयीचा जुना उल्लेखही याच ग्रंथातला. म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या ओव्या आणि आमचा गळ हे एकाच पोथीत नांदून गेले आहेत! हा पुरावा आम्ही घरी सादर केला. तो दाखल करून घेण्यात आला नाही.

आम्हांस हा नाद लागला तो काश्मिरात. एका सारस्वत स्नेह्याबरोबर आम्ही लिद्दर नदीच्या काठी आठ दिवस राहिलो होतो. तेथील थंड, पांढऱ्या फेसाच्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा आहे. अंगावर तांबडे-काळे ठिपके, चाल विजेसारखी आणि स्वभाव अत्यंत संशयी. हा मासा मूळचा आपला नव्हे. १८९९ साली विलायतेहून त्याची अंडी काश्मिरात धाडण्यात आली, ती वाटेतच नासली. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठविलेली खेप जगली आणि तिच्यापासून तेथील नद्यांत ट्राउटचा वंश वाढला. निलगिरीवर १८६३ पासून अशीच खटपट चालू होती. तेथे यश यावयास विसावे शतक उजाडावे लागले. सह्याद्रीत मात्र हा पाहुणा नांदावयाचा नाही. त्याला बर्फाच्या वितळत्या पाण्याची सवय; आपल्या ओढ्यांचे वैशाखातले पाणी त्याला कढत पाण्याच्या घंगाळासारखे वाटेल.

तरीसुद्धा माशीवर उठणारे मासे आपल्याकडे नाहीत असे नाही. डोंगरातल्या वाहत्या, खडकाळ ओढ्यांत बोटभर लांबीची एक रुपेरी मासळी असते. तिच्या कुशीवर निळसर उभे पट्टे असतात. पाण्यावर पडलेल्या कीटकांवर ही मासळी टपलेली असते, आणि म्हणूनच तिच्या जातभाईंना पूर्वीच्या साहेबांनी 'हिल ट्राउट' असे नाव दिले. नात्याने ती ट्राउटची कोणी लागत नाही. ती रोहू-मरळीतल्या रोहूच्या कुळातली. पण गुणाने तीच आमची ट्राउट. आणि तिच्यापेक्षा थोर म्हणजे खडशी, जिला इंग्रजीत महसीर म्हणतात. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्याच्या लॅटिन नावात आपला देशी शब्द 'खुद्री' असा गुंफला. मोठमोठ्या प्राणिशास्त्रज्ञांच्या ग्रंथांतून आज तो शब्द जगभर फिरत आहे, आणि मुळा-मुठेत मात्र तो मासा औषधालाही सापडत नाही.

युरोपात ट्राउटच्या हंगामाचा शेवट शरदात होतो. कारण त्यानंतर तो मासा अंडी घालण्याच्या मार्गास लागतो आणि त्या काळात त्यास त्रास देऊ नये, असा तेथे निर्बंध आहे. आपल्याकडे गणित उलटे. आपले डोंगरी मासे आषाढाच्या पहिल्या पुरांत प्रवाहाविरुद्ध चढून जातात आणि वरच्या ओढ्यांत अंडी घालतात. यालाच कोकणात वलगण म्हणतात. श्रावणात मासे वर्ज्य करण्याचा आपल्याकडील मत्स्याहारी लोकांचा नेम आणि विलायतेतील बंद हंगाम यांची जात एकच आहे, असे आम्हांस वाटते. भाद्रपद सरत आला की ओढ्यांचा गढूळपणा बसतो. आश्विनात तळाचा गोटा न् गोटा दिसू लागतो, पाण्यावर किडे उडू लागतात, आणि उतरणीस लागलेले मासे भुकेलेले असतात. म्हणून घटस्थापना झाली की आमचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. सीमोल्लंघनाचे सोने वाटून होते न होते तोच आम्ही काठी बाहेर काढतो.

मागील वर्षी आम्ही कसाऱ्याहून विहीगावावरून खोडाळ्याच्या वाटेने मोखाडा तालुक्यात शिरलो. जव्हार आणि मोखाडा हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हार हे महादेव कोळी राजांचे, मुकणे घराण्याचे संस्थान. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. सारा मुलूख डोंगरपठाराचा आणि दऱ्यांचा. वस्ती वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची. आश्विनात या प्रदेशाची शोभा काय वर्णावी! उतारांवर नागली आणि वरई पिवळी पडत चाललेली, खाचरांत भात ओंब्यांनी वाकलेले, सोनकीची पिवळी फुले बांधोबांध पसरलेली आणि वाटेच्या दोहों बाजूंस पुरुषभर उंच गवत. हवेत पिकल्या भाताचा तो वास, जो एकदा नाकात बसला की शहरातल्या सर्व अत्तरांस विसरावयास लावतो.

याच वाटेवर वैतरणेचा अडविलेला जलाशय लागतो. त्र्यंबकच्या डोंगरावर एका अंगास पडलेला पाऊस गोदावरीतून पूर्वसमुद्रास जातो आणि दुसऱ्या अंगाचा वैतरणेतून पश्चिमसमुद्रास. परंतु वैतरणेच्या पुष्कळशा पाण्यास आता समुद्र दिसत नाही. ते मुंबईच्या नळांत उतरते. वैतरणेच्या उपनदीवरील तानसा तलाव १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा, अप्पर वैतरणा १९७३ चे आणि मध्य वैतरणेचे १०२ मीटर उंचीचे धरण २०१४ चे. चाळीस वर्षे मुंबईत नोकरी करून आम्ही जे पाणी प्यालो, त्यात या डोंगरांचा वाटा किती असेल हे आम्ही कधी मोजले नव्हते. त्या दिवशी जलाशयाच्या काठी उभे राहून मोजण्याचा विचार मनात आला खरा. पण ओढा खुणावीत होता, आणि आम्ही तो विचार पुढे ढकलला.

ज्या ओढ्यावर आम्ही उतरलो, त्याचे नाव मुद्दामच सांगत नाही. तो वैतरणेस मिळतो, एवढे पुरे. वर एक पाडा आहे, खाली दाट झाडी, आणि मध्ये खडकांनी अडविलेले तीन डोह. सकाळचे नऊ वाजले होते. पहिल्याच डोहावर निळ्या पट्ट्यांची मासळी पाण्यावर वर्तुळे काढीत होती. आम्ही माशी फेकली, तीन वेळा चुकलो, चौथ्या वेळी एक लागली, सोडली. दुसरी लागली, सोडली. मनास असा उल्हास वाटत होता, की जणू पंचविशी परत आली.

तिसऱ्या डोहावर, जेथे पाणी खडकावरून घसरत हिरव्या सावलीत शिरत होते, तेथे माशी टेकली आणि पाणी फुगल्यासारखे झाले. काठी कमानीसारखी वाकली. रीळ ओरडू लागले. पाच-सात मिनिटे आम्हांस दुसऱ्या कशाचेही भान नव्हते. शेवटी ती दमून कडेस आली, तेव्हा कळले की ही खडशी आहे. दीड वीत लांब, पाठ काळसर हिरवी, कुशीवर मोठाली खवले, आणि प्रत्येक खवल्यावर जुन्या पितळेची झाक. आम्ही हात ओले केले, गळ काढला, तिचे तोंड प्रवाहाकडे करून तिला पाण्यात धरून ठेविले. कल्ले हळूहळू चालू लागले. मग शेपटीचा एक फटका आमच्या मनगटावर बसला आणि ती गेली. आम्ही धन्य झालो.

इतक्यात मागून कोणी तरी म्हणाले, "गुरुजी, हातातून सुटला काय?"

धड कपड्यांतला शहरी मनुष्य दिसला की या भागात तो एक तर सरकारी अंमलदार किंवा शाळेतला गुरुजी, असे धरून चालतात. आम्ही वळून पाहिले. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा खडकावर उभा होता. एका हातात बांबूची शेलाटी, तिला बांधलेली दोरी. दुसऱ्या हातात फडक्याची गाठोडी, आणि तिच्यात खेकडे खुडबुडत होते. त्याच्या मागे गवताचा भारा उतरवून त्याची आजी बसली होती.

"नाही रे बाळ, सुटला नाही. सोडला," आम्ही म्हणालो. खोटे कशाला सांगा, आमच्या स्वरात थोडा अभिमान होता.

"का? नासका होता?"

"नाही, चांगला होता."

"मग?"

या 'मग'ला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलाने क्षणभर वाट पाहिली. मग शेलाटी आणि गाठोडी खडकावर ठेवून तो सरळ डोहात उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून खडकांच्या कपारींत तो हात घालू लागला. ज्या बाजूस मासा गेला होता, त्या बाजूची एकएक कपार त्याने चाचपून पाहिली. मध्येच बुडी मारी, वर येई, केसांतले पाणी झटकी आणि पुन्हा हात घाली. अर्धा तास तरी हे चालले असेल. आम्ही काठी हातात धरून काठावर उभे होतो. हात रिकामाच येणार हे आम्हांस ठाऊक होते, आणि त्यालाही ठाऊक असावे.

आजी शांतपणे पाहत होती. तिच्या बोलीची सारी वळणे आम्हांस लिहिता येणार नाहीत. पण ती म्हणाली त्याचा अर्थ एवढाच, की सांजच्याला कोरड्यास झाले असते. या बोलण्यात राग नव्हता, याचना तर मुळीच नव्हती. भात कापावयास अजून पंधरा दिवस आहेत, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. मग तिने विचारले, "तुम्ही खात न्हाय?"

"नाही आजी. आमच्यात चालत नाही."

ती विचार करू लागली. आमच्यात चालत नाही हे तिला चटकन पटले. कोणाच्यात काय चालत नाही हे तिलाही पुष्कळ ठाऊक होते. पण तिची अडचण निराळीच होती. "मंग खायाचा न्हाय, तं त्याला टोचलं कशापायी?"

पार्ल्याच्या पडवीतून निघालेला प्रश्न त्या खडकावर आमच्या आधी येऊन बसला होता!

त्या रात्री मोखाड्यास मुक्कामी आम्हांस लवकर झोप आली नाही. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी एक कोळी येतो, हे वाचकांस आठवत असेल. अंगठी चोरल्याच्या संशयावरून त्याला धरून आणलेले असते आणि राजाचे शिपाई त्याच्या धंद्याची टवाळी करतात. तेव्हा तो गरीब मनुष्य म्हणतो, की ज्याचा जो जन्मजात धंदा, तो निंद्य असला तरी टाकू नये. दयेने मृदू असलेला श्रोत्रियही यज्ञात पशू मारताना कठोर होतोच. कॉलेजात असताना आम्ही या उत्तरास टाळी दिली होती. आता वाटले, की त्या कोळ्याला आणि त्या श्रोत्रियाला निदान काही कारण तरी होते. एकाला पोट, दुसऱ्याला विधी. आमचे कारण कोणते? आमच्या मनगटास होणारा उल्लास! मासा मारणारा त्याला खातो आणि त्याचे ऋण मानतो. आम्ही त्याला दुखवितो, दमवितो, मग दया दाखवून सोडतो, आणि त्या दयेचे श्रेयही आपल्याच खात्यावर जमा करितो.

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा सर्वांस माहीत आहे. हात धुताना त्याच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, माझे रक्षण कर. मोठे मासे लहानांस गिळतात. मनूने त्याला घागरीत ठेविले, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडले. आणि प्रलयात त्याच माशाने मनूची नौका तारली. आमचा समज असा होता, की आम्ही जेव्हा खडशीला पाण्यात देतो तेव्हा मनूच्या पंक्तीस बसतो. परंतु मनूने तो मासा गळाने ओढून काढला नव्हता, हे आमच्या ध्यानातून निसटले होते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मनातून जाईना. ज्या मुलखात आम्ही चांगला मासा सोडून धन्य होत होतो, त्या मुलखाचे नाव साऱ्या महाराष्ट्राने १९९२ साली कशासाठी ऐकले? जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बाजूस लहान मुले कुपोषणाने दगावली, म्हणून. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले, मंत्री येऊन गेले, योजना निघाल्या. त्या दिवसांत आम्हीही पार्ल्यास चहा घेत घेत हळहळलो होतो. येथे पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो. पण काळा कातळ पाणी धरीत नाही, आणि जे नदीत उतरते ते धरणात अडून शहराकडे जाते. चैत्र-वैशाखात याच मोखाड्याच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दऱ्या उतरतात आणि टँकरची वाट पाहतात. आमच्या नळाला मात्र पाणी असते. नदी आम्ही नेली, आणि उरलेल्या ओढ्यावर खेळावयासही आम्हीच आलो! मत्स्यन्याय म्हणतात तो याहून निराळा काय असेल?

कोणी म्हणेल, खडशी दुर्मिळ झाली आहे, तेव्हा तुम्ही ती सोडली हे योग्यच केले. हे अगदीच चूक नाही. खडशी वलगणीत वर चढते. वाटेत शंभर मीटरची भिंत आली की तिचा मार्ग खुंटतो. त्यात डोहात सुरुंगाची दारू टाकून लहानथोर सारी मासळी एकदम मारणारे लोक निघाले आहेत. लोणावळ्यास वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या काळात खडशीची अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालविले आणि तेथून पुष्कळ ठिकाणी बीज धाडले गेले. हे काम मोठेच. परंतु खडशी कमी झाली ती त्या मुलाच्या शेलाटीने नव्हे. धरणाने, सुरुंगाने आणि शहराच्या घाणीने जे केले, त्याचे प्रायश्चित्त त्याच्या सांजच्या कोरड्यासातून काढावयाचे, हा कोठला न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच ओढ्यावर गेलो. काठी घेतली होती, पण उघडली नाही. मुलगा होता. त्याने आपली शेलाटी दाखविली. तिचा गळ गंजलेला, वाकून सरळ केलेला, पुन्हा वाकविलेला. त्यावर गांडूळ लावून तो खडकाआड असा बसला, की त्याची सावली पाण्यावर पडू नये. ही गोष्ट आम्हांस शिकावयास एक हंगाम लागला होता. तासाभरात त्याने बोटभर लांबीची सात मासळी काढली आणि पळसाच्या पानात गुंडाळली. मग आमच्या डबीतल्या माश्या त्याने तळहातावर घेऊन फार वेळ निरखल्या. "ही खरी न्हाय," तो म्हणाला, आणि हसला. मासे फसतात याचे त्याला हसू येत होते, की मोठी माणसे असले काही करीत बसतात याचे, ते आम्ही विचारले नाही.

आमच्या झोळीत कोऱ्या गळांची एक पेटी होती, तंगूसाची दोन रिळे होती. ती आम्ही त्याच्यापुढे ठेविली. तो आजीकडे पाहू लागला. आजीने थोडा विचार केला आणि गाठोडीतून चार खेकडे काढून आमच्यापुढे केले. फुकट घेणे तिला मानवले नसावे. आमच्यात चालत नाही हे तिच्या लगेच ध्यानात आले, तशी ती मोकळेपणाने हसली, खेकडे परत ठेविले आणि पदराच्या गाठीतून दोन मुठी नागलीचे कणसे काढून दिली. तो सौदा दोन्ही पक्षांस पटला.

परतताना आम्ही जव्हारवरून विक्रमगड, वाडा असे आलो आणि वाड्याजवळ तिळसे येथे थांबलो. तेथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचे देऊळ आहे. देवळाभोवतालच्या डोहातले मासे देवाचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाही. लोक चुरमुरे-फुटाणे टाकतात आणि ते हातभर लांबीचे मासे पायरीपर्यंत येऊन तोंडे उघडतात. त्यांत खडशीही आहे. महाडकडे वाळणकोंडीस असेच देवीचे मासे आहेत. आम्ही पायरीवर बसून मूठभर फुटाणे टाकले. आमच्या वीस वर्षांच्या विद्येची येथे काडीचीही गरज नव्हती! नदीचा एक तुकडा देवाचा म्हणून सोडावा आणि बाकीच्यात पोटापुरते धरावे, ही व्यवस्था ज्या कोणी लावली, त्याला मासे आणि माणसे दोन्ही कळत होती. आमच्या खेळाला मात्र या व्यवस्थेत जागा दिसेना. आम्ही देवाचे नव्हतो, आणि भुकेलेही नव्हतो.

घरी आल्यावर आम्ही पडवीतल्या टेबलाशी बसलो आणि एक लहानसा निर्णय केला. छंद सुटत नाही, हे आम्ही जाणतो. खोटी प्रतिज्ञा करण्याचे आमचे वय नाही. डबीत माश्या होत्या तेवढ्यांचे अणकुचीदार टोक आम्ही पक्कडीने तोडून टाकले. आता त्यांस पिसे आहेत, रेशीम आहे, पण काटा नाही. मार्गशीर्षात आम्ही एका ओढ्यावर जाऊन आलो. माशी पाण्यावर टेकते, मासळी उठते, तोंड मारते, थुंकते आणि निघून जाते. मनगट उचलण्याची जुनी खोड उचल खाते. पण हाती काही येत नाही. एका सकाळी एकोणीस मासे उठले. एकही दुखावला नाही, दमला नाही, आणि सोडल्याचा मोठेपणाही आम्हांस मिरविता आला नाही. प्रांजळपणे सांगावयाचे तर त्यात पूर्वीचा उल्हास अर्धाच उरला आहे. उरलेला अर्धा कशाचा होता, हे आता आम्हांस कळून चुकले आहे, आणि तो गेल्याचे दुःख उघडपणे करण्याची सोय नाही.

नागलीच्या त्या कणसांची सौभाग्यवतींनी भाकरी करून घातली. दोन मुठींची ती एवढीशी भाकरी. पण ती आम्ही दोघांनी वाटून खाल्ली आणि जेवताना त्यांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी मुलाच्या वयाची चौकशी केली, आजीच्या प्रकृतीची केली, आणि पुढच्या खेपेस त्या मुलासाठी स्वेटर द्यायचा असे ठरवून टाकले. आमच्या प्रायश्चित्ताविषयी त्या काही बोलल्या नाहीत. ताटे उचलताना एवढेच म्हणाल्या, "म्हणजे आता गळ त्याच्याकडे आणि पिसे तुमच्याकडे. चांगले झाले. ज्याचे त्याच्याकडे गेले."

मग पडवीतल्या टेबलाकडे पाहून त्यांनी पुस्ती जोडली, "आता खऱ्या पेन्शनरासारखे दिसता. नुसत्या माश्या!"